चपला बाहेर, फोन आत : देवाच्या भयाविषयीच्या एका प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ पिंपळे सौदागरला राहतात, आयटीत नोकरी करतात, मूळचे नगर जिल्ह्यातले. लहानपणी गावच्या चर्चमध्ये चपला बाहेर काढून सतरंजीवर बसायची सवय. आता बायको-मुलांना घेऊन ते भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या एका ख्रिस्ती मंडळीत जातात. तिथं गिटार, ड्रम, रंगीत दिवे, उपासनेआधी कॉफी. गावाहून वडील आले, एक रविवार मागच्या खुर्चीवर बसले आणि जिना उतरताना म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण ह्यात देवाचं भय कुठंय?" बायकोचं म्हणणं, देव आपला बाप आहे, बापाला कशाला भ्यायचं? दोघांच्या मध्ये सापडलेले हे गृहस्थ विचारतात, की आजच्या काळात देवाचं भय म्हणजे नेमकं काय धरायचं, मुलांना काय शिकवायचं आणि ही मंडळी सोडावी का?

मी पुण्यात आणि आसपासच्या मराठी मंडळ्यांत ३४ वर्षं पाळक, म्हणजे पास्टर, होतो, आता निवृत्त आहे. हे भांडण मी कितीतरी घरांत ऐकलंय, काही घरांत तर मलाच पंच म्हणून बसवलंय. त्यामुळे उत्तर लांबेल, आधीच सांगून ठेवतो.

तुमच्या वडिलांना जे खटकलं ते खटकण्यासारखंच आहे. सूनबाई म्हणतात तेही शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरून आहे. पण दोघंही देवाचं भय त्या हॉलमध्येच शोधतायत. एकाला ते तिथं दिसलं नाही, दुसरीला ते तिथं नको आहे. आपल्या पेठांमधल्या तालमी तुम्ही पाहिल्या असतील. पहाटे जोर-बैठका मारतात त्या तालमीत, पण कुस्ती व्हायची ती जत्रेच्या फडात. रविवारची उपासना ही तालीम आहे. देवाचं भय असेल-नसेल ते आठवडाभराच्या फडात कळतं. तालमीला जायचं की नाही, तिथली माती कशी असावी, ह्यावर पुढं बोलूच.

आधी शब्द घेऊ. आपल्या मराठी शास्त्रात "परमेश्वराचे भय" असा शब्दप्रयोग आहे, आणि भय म्हटलं की कुत्रं मागं लागल्यावर पोटात येतो तो गोळा आठवतो. जुन्या कराराच्या हिब्रूत ह्यासाठी "यिरा" शब्द आहे. तो घाबरण्यापासून ते थक्क होऊन मान आपोआप खाली जाण्यापर्यंत सगळ्याला चालतो. निर्गम ह्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात तर हे दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात. सीनाय डोंगरावर गडगडाट, विजा, धूर, शिंगाचा आवाज. लोक थरथरत लांब उभे. मोशे त्यांना म्हणतो, भिऊ नका. आणि त्याच वाक्यात पुढं सांगतो, की देव आलाय तो त्याचं भय तुमच्यापुढं राहावं आणि तुम्ही पाप करू नये म्हणून. भिऊ नका आणि भय धरा, एका दमात! पुढच्याच ओवीत लोक लांबच उभे राहतात आणि मोशे त्या दाट अंधारात शिरतो, जिथं देव होता. मला विचाराल तर ह्या दोन भयांमधला फरक समजायला तेवढं एक दृश्य पुरतं.

आपल्या भाषेकडे ह्या बाबतीत बरीच श्रीमंती आहे. मास्तरांचा धाक, फौजदाराचा दरारा, सावकाराचा वचक, थोरामोठ्यांची भीड, सासऱ्यांपुढची मर्यादा. ह्यातलं एकही देवाच्या भयाला पुरतं बसत नाही. बसतो तो एकच जुना शब्द, देवभीरू. आणि गंमत बघा, मराठी माणूस देवभीरू कुणाला म्हणतो? देवळात थरथर कापणाऱ्याला नाही. ज्याच्या मापावर डोळे मिटून भरवसा ठेवता येतो त्याला.

खडकीला आमच्या मंडळीत एक वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) होते, त्यांचं दुधाचं दुकान होतं. कॅनमधून माप भरलं की वर फेस येतो. फेसासकट ओतलं तर दर मापामागे थोडं दूध वाचतं आणि दिवसभरात चांगलं लिटर-दोन लिटर निघतं, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक. हे गृहस्थ माप हातात धरून फेस बसेपर्यंत थांबायचे आणि मग वरून आणखी घालायचे. रांगेतली पोरं वैतागायची. सकाळच्या गर्दीत ते काही सेकंद फार मोठे वाटायचे. मी एकदा सहज म्हटलं, "कोण बघतंय एवढं?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पाळक मी आहे की ते, असा मला प्रश्न पडला. त्यांना गाता येत नव्हतं, प्रार्थनेत ते अडखळायचे आणि उपदेश चालू असताना हमखास डुलकी घ्यायचे. पण देवाच्या भयाचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांपुढं ते माप येतं.

हे मी मनानं सांगत नाही, मोशेच्या नियमशास्त्रातच तसं आहे. लेवीयाचा एकोणिसावा अध्याय काढा, चौदावी ओवी. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको, तर आपल्या देवाचं भय धर. आता विचार करा, उदाहरण बहिऱ्याचं आणि आंधळ्याचंच का? बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही. आंधळ्याला दगड कुणी ठेवला ते दिसत नाही. म्हणजे पकडलं जायची भीती शून्य, उलटून बोलायलाही समोर कुणी नाही. नेमकं तिथंच शास्त्र म्हणतं, देवाला भी. त्याच अध्यायात पिकल्या केसांच्या माणसापुढं उठून उभं राहा असं सांगितलंय, आणि तिथंही पुढं देवाचं भय जोडलंय. पंचविसाव्या अध्यायात जमिनीचा व्यवहार करताना एकमेकांना नाडू नका म्हटलंय, गरिबीत आलेल्या भावाकडून व्याज घेऊ नका म्हटलंय, नोकराला कठोरपणे राबवू नका म्हटलंय. प्रत्येक ठिकाणी तेच शब्द परत येतात, देवाचं भय धर. आणि प्रत्येक ठिकाणी समोरचा माणूस आपल्यापेक्षा दुबळा किंवा अडलेला आहे.

लूकाच्या शुभवर्तमानातला तो न्यायाधीश आठवा, देवाला न भिणारा आणि माणसाला न जुमानणारा. येशूनं दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या, कारण त्या एकत्रच असतात. त्याच्यासमोर उभी कोण होती? एक विधवा. आणि मिसरातल्या शिप्रा आणि पुवा ह्या दोन सुइणी. त्यांना देवाचं भय होतं, म्हणून त्यांनी फारोचा हुकूम मोडला आणि बाळं जगवली. देवाला भिणारा राजाला भीत नाही, हा ह्या विषयाचा भाग आपल्या उपदेशांत फारसा येत नाही. का येत नाही, त्यावर मी आत्ता बोलत नाही.

मग पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हे कुठं लागू पडतं? कामाच्या मावशी गावाला गेल्या तर खाडा कापताना. कुरिअरचा पोरगा पाचव्या मजल्यावर चढून आल्यावर त्याच्याशी बोलताना. कंपनीत हाताखालच्या नव्या मुलीच्या कामावर आपलं नाव टाकताना. आणि हो, म्हाताऱ्या आई-वडिलांची सही घेताना. ह्याबद्दल एक प्रसंग सांगतो. एका घरात मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. आईला मोतीबिंदू, कागद इंग्रजीत, जागा मोक्याची, मुलं घाईत. थोरला म्हणाला, "पाळकसाहेब, प्रार्थनेनं सुरुवात करा." मी म्हटलं, करू, पण प्रार्थनेआधी हा कागद मावशींना मराठीत मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे आपण कशासाठी प्रार्थना करतोय ते देवाला आणि त्यांना दोघांनाही कळेल. कुणी वाचेना. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. शेवटी पुढच्या आठवड्यात बघू असं ठरलं आणि त्या दिवशी मला त्या घरी चहा मिळाला नाही. त्या घरात सगळे दर रविवारी चर्चला येणारे, पांढरे कपडे, डोक्यावर पदर. तुमच्या वडिलांना भय दिसलं असतं असं सगळं.

आता सूनबाईंच्या मुद्द्याकडे येतो. देव बाप आहे, हे खरंच आहे, आणि ते आपल्याला आपल्या मनानं सुचलेलं नाही, प्रभूनं शिकवलंय. अलीकडे बरेच प्रचारक सांगतात, की येशूनं वापरलेला "अब्बा" हा शब्द म्हणजे लहान मुलाच्या तोंडचं "डॅडी". ऐकायला गोड आहे, पण तितकं बरोबर नाही. त्या काळच्या अरामी बोलीत मोठी माणसंही बापाला अब्बा म्हणत. नव्या करारात हा शब्द तीनदा येतो आणि तिन्ही वेळा शेजारी बापासाठीचा साधा ग्रीक शब्दच ठेवलाय, लाडाचा नाही. आपल्या कॅम्पातल्या मुस्लिम घरांत मुलं वडिलांना अब्बा म्हणतात ते ऐकून पाहा. त्यात जवळीक असते आणि अदबही, एकाच वेळी. येशू तो शब्द कुठं बोलला तेही बघण्यासारखं आहे. गेथशेमाने बागेत, जमिनीवर पडून, आणि लगेच पुढं म्हणाला की माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. बापाशी इतकं जवळचं बोलणारा दुसरा कुणी नव्हता आणि बापापुढं इतका वाकलेलाही कुणी नव्हता.

आपल्याला मराठीत हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. आपण साहेबांना "आपण" म्हणतो, वडिलांना "तुम्ही" म्हणतो आणि देवाला "तू" म्हणतो. आईला म्हणतो तोच तू. प्रभूच्या प्रार्थनेत "तुझे नाव पवित्र मानले जावो" म्हणताना कुणालाही वाटत नाही की आपण देवाशी सलगी केली. "तुझे" ही जवळीक, "पवित्र" ही मर्यादा, आणि दोन्ही एका ओळीत. पालख्या पुण्यात येतात तेव्हा नाना पेठ-भवानी पेठेत एकदा उभे राहा. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला असते, माउलींची असते ती 'पालखी विठोबा' ह्या देवळात. एकमेकांना "माउली" म्हणत वारकरी एकमेकांच्या पायाला हात लावतात. जवळच्याच क्वार्टर गेटच्या चर्चला, ज्याच्यासाठी सवाई माधवरावांच्या काळात जागा मिळाली त्या सिटी चर्चला जाणारी आपली माणसंही ह्याच गल्ल्यांतून जातात. आपण त्या भाषेबाहेरचे नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंच बघा. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या मंडळ्यांना गायला इतकी पदं दिली की अजून ती 'उपासना संगीत' ह्या गीतपुस्तकातून आपण गातो. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हटलं, आईसारखं त्याला बिलगले. आणि १९१७ मध्ये साताऱ्याला स्वतःचा बंधुसंघ काढला तेव्हा नाव काय ठेवलं? देवाचा दरबार. जो आईच्या कुशीत शिरतो तोच दरबारात उभा राहतो, ह्यात त्या माणसाला काही विसंगत वाटलं नाही. पंडिता रमाबाई इथून जवळच केडगावला मुक्ती मिशनमध्ये म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक मूळ घेऊन बसल्या, साध्या बायकांना कळेल अशी मराठी बायबलला मिळावी म्हणून. छपाईची कामंही तिथल्या बायकांनी केली. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि ते बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये. साधी भाषा आणि एकेका शब्दासाठी आयुष्य घालणं, ही माझ्या मते आदराची फार मोठी खूण आहे. "सोपं केलं म्हणजे स्वस्त केलं" असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी केडगाव दाखवतो.

शास्त्रातलं एक उदाहरण सूनबाईंना आवर्जून सांगा. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूच्या उराशी टेकून बसलेला शिष्य, ज्याला मंडळीची परंपरा योहान म्हणते, त्याच्यापेक्षा जवळचं कोण? प्रकटीकरण त्याच योहानाचं, असंही परंपरा मानते. त्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात पात्म बेटावर त्याला प्रभू दिसतो आणि तो मेल्यासारखा त्याच्या पायांशी पडतो. मग प्रभू उजवा हात त्याच्यावर ठेवून म्हणतो, भिऊ नको. उराशी टेकलेला माणूसच पायाशी पडतो. स्तोत्र १३० मध्ये तर आणखी आश्चर्याचं आहे : तुझ्याजवळ क्षमा आहे, म्हणून तुझं भय धरलं जातं. आपल्याला वाटतं शिक्षा आहे म्हणून भय. स्तोत्रकर्ता म्हणतो, क्षमा आहे म्हणून! ज्याला मोठी चूक कुणी उगाचच माफ केलीय, त्यालाच हे कळेल. त्या माणसापुढं पुन्हा खोटं बोलताना जीभ अडखळते. ती अडखळ म्हणजे भय. योहानाचं पहिलं पत्र म्हणतं की पूर्ण प्रीती भीती घालवून देते, पण तिथंच कारणही दिलंय, की त्या भीतीत शिक्षेचा विचार असतो. ती भीती जायलाच हवी.

आता वडिलांची बाजू. ड्रम आणि गिटार.

माझ्या लहानपणी चर्चमध्ये तबला नको म्हणून रुसून बसलेले म्हातारे मी पाहिलेत. तबला म्हणजे तमाशा, पेटी म्हणजे मात्र पावित्र्य! त्यांच्याच नातवंडांना आता तबला पवित्र वाटतो आणि ड्रम तमाशा. तेव्हा वाद्यावरून मी फार भांडत नाही. वडिलांना २ शमुवेलाचा सहावा अध्याय वाचायला सांगा, पूर्ण. त्या एका अध्यायात उज्जा मरतो आणि दावीद नाचतो. देवाचा कोश, म्हणजे देवाच्या कराराची पवित्र पेटी, त्यांनी नव्या गाडीवर ठेवला होता. नियमाप्रमाणे तो लेव्यांनी खांद्यावर वाहायचा होता. गाडीवर घालायची पद्धत पलिष्ट्यांची. वाद्यं पहिल्या मिरवणुकीतही होती, वीणा, सतार, डफ, झांजा, सगळं. देव वाद्यांवर रागावला नाही. बैल अडखळले, उज्जानं कोश सावरायला हात घातला आणि तो तिथंच मेला. दावीद इतका घाबरला की कोश ओबेद-अदोमाच्या घरी ठेवून निघून गेला. तीन महिने तो कोश त्या घरात होता आणि त्या घराला आशीर्वाद मिळाला. तोच कोश! दुसऱ्या खेपेला खांद्यावर वाहून आणला, सहा पावलं चालल्यावर यज्ञ केला आणि मग राजा सर्व बळानं नाचला. खिडकीतून बघून नाक मुरडणारी त्याची बायको मीखल होती, तिला ते राजाला न शोभणारं वाटलं. उज्जाच्या गोष्टीवर मला अजूनही अवघडल्यासारखं होतं, खोटं कशाला सांगू; पण एवढं नक्की, की नाचणं आणि भय एका अध्यायात सुखानं राहतात, आणि आपल्या सोयीसाठी देवाला गाडीवर घालणं त्यात बसत नाही.

करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलानं प्रभुभोजनावरून, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीवरून, फार कडक लिहिलंय, अयोग्य प्रकारे भाकर खाणारा दोषी ठरतो वगैरे. आम्ही पाळक ती ओवी वाचतो आणि लोक आपापली खासगी पापं आठवतात. पण आधीच्या ओळी वाचा. तिथला गुन्हा काय होता? पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन घेत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं पौल म्हणतो. प्रभूच्या मेजाचा अपमान तिथं झाला होता. आणि जुन्या पद्धतीच्या आपल्या मंडळ्यांनी स्वतःकडे बघायचं झालं, तर मलाखीचा पहिला अध्याय आहेच : लंगडं, आजारी जनावर यज्ञाला आणता, ते तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या, तो खूश होईल का बघा. शांत, गंभीर, घंटा वाजवून चालणाऱ्या उपासनेनंतर बाहेर आवारात मंडळीच्या जमिनीवरून आणि कमिटीच्या निवडणुकीवरून जे बोलणं चालतं, ते मी ३४ वर्षं ऐकलंय. तिथं ड्रम नव्हता.

तरीही बाहेरचं रूप फुकट आहे असं मी म्हणणार नाही, आणि ते का, हे मला माझ्याच चुकीतून कळलं. एका ईस्टरला मला तीन ठिकाणी उपासना घ्यायची होती. दुसऱ्या ठिकाणी उशीर झालेला. प्रभुभोजन देताना मी रांगेतून भराभर पुढं सरकत होतो, "हे प्रभूचं शरीर", "हे प्रभूचं शरीर", एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर. नगरकडच्या एक आजी गुडघ्यावर होत्या. लुगडं, हातावर गोंदण, ओंजळ केलेली. मी भाकर ठेवून पुढं गेलो तर त्यांनी माझ्या झग्याची बाही धरली. हळूच म्हणाल्या, "साहेब, नीट ऐकू नाही आलं. कुणाचं?"

मी परत मागं आलो. त्यांच्या ओंजळीकडे बघून, सावकाश, प्रत्येक शब्द म्हणालो. त्यांनी मान हलवली, भाकर तोंडात घातली, डोळे मिटले. त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं की मला ऐकवायचं होतं, ते मी कधी विचारलं नाही. तिसऱ्या ठिकाणी मी अर्धा तास उशिरा पोचलो.

त्या दिवसानंतर मी एक सवय लावून घेतली. उपासना संपल्यावर उरलेली भाकर आणि द्राक्षारस आमच्या परंपरेत फेकत नाहीत, तिथंच संपवतात; मग प्याल्यात पाणी घालून तेही पितात आणि पांढऱ्या फडक्यानं प्याला पुसतात. पूर्वी हे काम मी कुणावर तरी सोपवून दारात लोकांना भेटायला जायचो. नंतर स्वतः करू लागलो, कितीही घाई असली तरी. दोन-तीन मिनिटांचं काम. एखादी गोष्ट हातानं हळू केली की मनही तिच्यामागं हळू होतं, एवढंच मला त्यातून कळलं. २०२० मध्ये सगळं बंद होतं तेव्हा लोकांनी घरी फोनसमोर बसून प्रभुभोजन घेतलं, काहींनी ग्लुकोज बिस्किट आणि रोझ सरबत घेऊन. ते चालतं का, असे फोन मला खूप आले. एका बाईंनी मात्र वेगळंच सांगितलं. त्यांनी आदल्या रात्री स्वयंपाकाचा ओटा घासला, लग्नातली चादर काढून टेबलावर घातली आणि मुलाला अंघोळ करून यायला लावलं. बिस्किट होतं की भाकर, हे मी त्यांना विचारायचंच विसरलो.

तेव्हा तुमच्या हॉलमधल्या उपासनेत काय करता येईल? दिव्यांना आणि ड्रमला हात लावू नका, ते तुमच्या हातात नाहीत. दहा मिनिटं आधी जा आणि गप्प बसा. कॉफी बाहेर संपवून आत जा. कप हातात धरून माणूस कुणापुढं उभा राहतो आणि कुणापुढं राहत नाही, हे आपल्याला न सांगता कळतं. शास्त्र फोनवर वाचत असाल तर वाचा, मीही चष्मा विसरलो की अक्षर मोठं करून वाचतो, पण मग नोटिफिकेशन बंद ठेवा. गाताना व्हिडिओ काढू नका, निदान स्वतःचा तरी काढू नका. गुडघे चालत असतील तर घरी टेका. बायबलातलं उपदेशक हे पुस्तक म्हणतं, देवाच्या मंदिरी जाताना पाऊल सांभाळ, देव स्वर्गात आणि तू पृथ्वीवर, म्हणून तुझे शब्द थोडे असावेत. हे आम्हा पाळकांच्या लांब प्रार्थनांनाही लागू आहे, आणि कदाचित ह्या उत्तरालाही.

मुलांविषयी. "देव शिक्षा करेल हं" हे वाक्य घरातून काढून टाका. जेवत नाही, झोपत नाही, ऐकत नाही म्हणून देवाला बागुलबुवा करणारे आई-बाप पुढं येऊन मला विचारतात की मुलगा चर्चला का येत नाही. मुलं भय शिकतात ती तुमच्याकडे बघून. घरमालकाचा फोन आला आणि तुम्ही मुलाला "सांग, बाबा घरी नाहीत" म्हणालात, तर पुढच्या संडे स्कूलचे दहा धडे वाया गेले. उलट, तुम्ही त्याच्यावर विनाकारण ओरडलात आणि रात्री त्याच्या अंथरुणाशी बसून म्हणालात, "माझं चुकलं, मी देवाजवळ कबूल केलंय, तुझ्याजवळही करतो", तर आपल्या बापापेक्षा मोठं कुणीतरी ह्या घरात आहे हे त्याला त्या रात्री कळेल. मी हे माझ्या मुलाजवळ दोनदाच केलं. करायला हवं होतं त्यापेक्षा पुष्कळच कमी.

राहिला प्रश्न मंडळी सोडायचा. दिवे आणि ड्रम ह्यांवरून सोडू नका. काही महिने चार गोष्टी बघा. दानाचा हिशोब मंडळीपुढं मांडतात का? उपदेशकाला प्रश्न विचारला तर तो उत्तर देतो का चिडतो? पुढच्या खुर्च्या कुणासाठी राखून ठेवतात; याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला "तू तिथं उभा राहा" म्हणणाऱ्यांची गोष्ट आहेच. आणि मंडळीतला कुणी चुकला, पडला, तर त्याचं नाव त्याच्या मागं कसं घेतात? हे चारही ठीक असेल तर तिथंच राहा. नसेल तर पंचहौद चर्चच्या त्या उंच घंटाघराखाली जाऊन बसलात तरी उपयोग नाही, आधी तिथलंही हेच बघा.

वडील अजून तुमच्याकडेच आहेत का? असतील तर येत्या रविवारी त्यांना मागं बसवू नका. कुटुंबाबरोबर पुढं बसवा, आणि घरी आल्यावर त्यांना गावच्या चर्चमधलं टिळकांचं एखादं पद मुलांना शिकवायला सांगा. गिटारवर बसतं का ते मुलं बघतील.